चार बोटं वर

कुदळीचा पहिला घाव बसला, ओट्याची लादी तडकली आणि सूर्यकांत खुर्चीतून अर्धवट उठून पुन्हा बसले.

"अजून विचार कर, मनोरमा," ते बायकोला म्हणाले. "पाडायला काय, एक सकाळ पुरते."

"विचार करून झालाय. ठकी, तू खण."

ठकी कैनाड गावची. तिचा जन्म चिकूच्या वाड्यांत गेलेला, त्यामुळे झाडांच्या बाबतीत ती कुणाची भीडभाड ठेवत नसे. परवा अंगणातल्या चिकूकडे नुसतं बघूनच तिने सुनावलं होतं, "झाड कसं बुडाला फाकलेलं असतं, बाय. मानूस पायाची बोटं पसरून उभा रावतो ना, तसं. तुमचं खांबासारखं सरळ मातीत गेलंय. गळ्यापावेतो पुरलंय तुम्ही त्याला." शेंडा वाळत चालला होता, फळं सुपारीएवढी होऊन गळत होती. बुंधा मोकळा केला नाही तर हे झाड पुढचा पावसाळा बघायचं नाही, असंही ती म्हणाली होती.

पुरलं होतं सूर्यकांतांनी. रेल्वेत नोकरीला असताना, सुट्टी काढून, दोरी लावून त्यांनी झाडाभोवती हा ओटा स्वतः बांधला होता. इतका उंच, की बसणाऱ्याचे पाय लोंबकळत. शेजारचे नविनभाई अजून चेष्टा करतात, "सूर्यकांतभाई, घरी पण प्लॅटफॉर्म बांधला के?" सूर्यकांत हसण्यावारी नेत. वर दर सव्वीस जानेवारीला खोडाला गेरू-चुना फासत. माणूस झाडाचे किती लाड करतो, असं लोकांना वाटे.

ओटा एवढा उंच का, हे मनोरमाला ठाऊक होतं. तिने तो विषय कधी काढला नाही, एवढंच.

त्यांच्या लेकीच्या, सईच्या, पहिल्या वाढदिवसाला सूर्यकांतांनी तिला याच खोडाला टेकवून उभं केलं होतं आणि बरोबर डोक्यावर कोयत्याने आडवी खाच मारली होती. दर वाढदिवसाला एक मारू, म्हणाले होते. दुसरी मारायची वेळच आली नाही. दोन महिन्यांनी ताप आला आणि तीन दिवसांत सगळं संपलं. त्यानंतर मनोरमा रोज संध्याकाळी त्या खाचेपाशी जाऊन बसायची. एप्रिलमध्ये ओटा झाला. खाचेच्या चार बोटं वर.

चार बोटं माती उकरायला कितीसा वेळ लागतो? पण नवऱ्याने घातलेली माती तिच्याने उकरवली नाही.

लाद्या निघाल्या, कडेच्या विटा निघाल्या. ठकी खुरप्याने माती ओढू लागली आणि मनोरमा पदर खोचून पाट्या भरू लागली.

"ती दिसेल," सूर्यकांत हळूच म्हणाले.

"दिसू दे."

"तुला सोसणार नाही, म्हणून मी तेव्हा..."

"माहीत आहे मला." मनोरमाने पाटी खाली ठेवली. "पण मला ती हवी होती हो. रोज हवी होती. सत्तावीस वर्षं मी तिच्या डोक्यावर बसून तांदूळ निवडले."

सूर्यकांत खुर्चीतून उठले. त्यांनी चपला काढल्या आणि दुसरी पाटी उचलली.

वरची माती हटताच मनोरमा खोड चाचपू लागली. साल काळी पडली होती, चिखलाने लिंपली होती. खाच कुठे हाताला लागेना. तिने एकदा चाचपलं, पुन्हा चाचपलं.

"भरून आली असेल," सूर्यकांत म्हणाले.

घरात सईचा एक फोटो होता, पण फोटोत ती दोन इंचांची होती. ती खरोखर केवढी होती, हे फक्त या झाडाला माहीत होतं.

ठकीचं खणणं चालूच होतं. तळाशी मनगटाएवढं एक मूळ बुंध्याला गुंडाळून बसलेलं निघालं. "हा बघा फास," म्हणत तिने कोयत्याने ते दोन ठिकाणी तोडलं आणि सोडवून बाजूला फेकलं. मग बुंधा दिसला. खाली येता येता रुंद होत गेलेला, चहूकडे मुळं टाकून जमिनीवर उभा.

"आता पुन्ना माती चढवू नका. बूड उघडं रावलं पाहिजे, वारा लागला पाहिजे," ठकीने बजावलं आणि हंड्यातलं पाणी खोडावर ओतून काथ्याने घासायला घेतलं.

चिखल ओघळला, आणि त्याच्याबरोबर खाचेत बसलेली मातीही निघाली. खोड जाड झालं तशी खाच ताणून वीतभर लांब झाली होती. पण वर सरकली नव्हती. जिथे मारली होती तिथेच होती.

"इथं कोयता कुनी मारला?" ठकीने विचारलं.

"आमच्या सईची उंची आहे ती," मनोरमा म्हणाली.

ठकीने उघड्या झालेल्या जमिनीपासून खाचेपर्यंत नजर फिरवली आणि तिला हसू आलं. "एवढीशी व्हती! आता सासरी असंल."

सूर्यकांत ओल्या मातीत उकिडवे बसले. त्यांनी खाचेवर तळहात ठेवला, अगदी अलगद.

"नाही," ते म्हणाले. "एवढीच आहे."