वृंदाताईंचा गाजलेला प्रवेश

मयूर विहारच्या मराठी मंडळात वृंदाताई हिंदी वातावरणात वाढलेल्या मुलांना अभिनय शिकवायच्या, आणि तोही स्वतःच्याच जुन्या नाटकाचं रेकॉर्डिंग लावून. नायिका घर सोडताना उंबऱ्यावर गप्प उभी राहते, तिथे व्हिडिओ थांबवून म्हणायच्या, "बघा! एक अक्षर न बोलता अख्खं सभागृह रडवलं होतं मी."

"पण ताई, बाकीचं मराठी बिल्कुल समजत नाही यार," कावेरी कुरकुरली.

"नाही समजलं तरी चालेल गं. घरी ईअरफोन लावा आणि जे ऐकू येईल ते जसंच्या तसं पाठ करा."

पुढे मंडळाने ताईंचा सत्कार ठेवला, तेव्हा मुलांनी त्यांना पत्ता लागू न देता तोच प्रवेश बसवला. नायिका झालेली सानिका उंबऱ्यावर गप्प उभी राहिली, तशी सभागृहात रुमाल निघाले. पहिल्या रांगेत ताईंनी सत्काराची शाल सावरून मान ताठ केली.

तेवढ्यात कावेरी, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलं होतं अगदी तस्संच, विंगेतून माइकवर कुजबुजली, "अगं वृंदा, आजही विसरलीस? 'येते मी' म्हण आणि नीघ एकदाची!"