वीस बिनडोक

गफ्सा शहराजवळच्या एका नगरपालिकेत इंजिनीयर नजातने वीस कॉम्प्युटर सुरू करून दिले. एकातही डिस्क नव्हती. सगळे कोपऱ्यातल्या एकाच सर्व्हरच्या जिवावर चालणार होते.

"म्हणजे तो बंद पडला, की हे वीसच्या वीस बिनडोक?" मुख्याधिकारी मुन्सिफसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अगं पोरी, ज्याला त्याला स्वतःचं डोकं नको? अशानं लोकांची कामं व्हायची कशी?"

तेवढ्यात कारकून जुहेर दबकत आत आला. "साहेब, तुम्ही आठवडाभर लेकीच्या लग्नात होतात. इकडे एका तान्ह्या बाळाचं ऑपरेशन जन्मदाखल्यावाचून अडलं होतं, म्हणून दाखल्यावर तुमचा शिक्का मीच मारला."

साहेबांनी पुदिन्याच्या चहाचा पेला टेबलावर आपटला.



"तुला कुणी सांगितलं होतं डोकं चालवायला?"