हळदीआधीचा डाव

“पोचला!” काळूराम वस्ताद ओरडला, आणि जरा जास्तच जोरात ओरडला.

मालूचा गदगा त्याच्या छातीला नुसता टेकला होता. गदगा म्हणजे कातडं मढवलेली काठी. नीट बसली तर गड्याला आठ दिवस कुशीवर झोपू देत नाही. डाव्या हातात कातड्याची ढाल, तिला म्हणायचं फरी. या आखाड्यात पंच नव्हता. मार ज्याला बसला त्यानंच ‘पोचला’ म्हणायचं, एवढा एकच कायदा. हलकी थाप इथं कुणी धरतच नसे. आणि वस्तादाच्या तोंडून हा शब्द पनवेलच्या खाडीकाठी आजवर कुणी ऐकला नव्हता. भले भले गडी अंग शेकत घरी गेले होते.

मालूनं गदगा मातीत टाकला.

“वस्ताद, तुमी फरी खाली केलीत.” आखाड्यात ती बापाला वस्तादच म्हणे, अहो-जाहो करी. घरात गेली की तोच बा.

“मी? छ्या! हात घसरला.”

“घसरला म्हने! मना नको फुकटचा.”

कुडापलीकडे मांडवात बायकांचा नुसता कल्ला चालला होता. पनवेलहून भाड्यानं आणलेली ग्यासबत्ती पेटते की नाही हे कुणीतरी भर दुपारीच पेटवून बघत होतं. “अगो मालू, हलद कालवून झाली, येतेस का वडून नेऊ?” लग्न लावणारी धवलारीण गुणाबाई हाका मारून मारून घायकुतीला आली होती. एकदा हळद लागली की नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही. म्हणजे झाला तर हाच डाव शेवटचा. म्हणून तर वस्तादानं मनाशी ठरवलं होतं की जाता जाता पोरीला जिंकू द्यायचं. दुसरं काय देणार बिचारा, तांब्याची दोन भांडी सोडून!

“आता रुसू नको, बाय,” तो म्हणाला. “जिंकलीस ना? जा आत.”

मालूचे डोळे भरून आले, पण ते रागानं. “उद्यापासून तिकडं उरनला माज्यासाठी फरी खाली करनारा कोन हाय, सांगा बरं!”

महिनाभर वस्तादाची झोप उडाली होती ती नेमकी याच गोष्टीनं. परकं घर, परकी माणसं. पोरीला आपण खरंच काही शिकवलं, की लाडानं नुसतं खेळवलं? आणि गाढवासारखी आज आपणच फरी खाली केली!

“उचल,” तो म्हणाला. आवाज आता वस्तादाचा होता.

पुढचं सगळं खरंखुरं झालं. त्याचा पहिलाच घाव मालूच्या दंडावर असा सणसणीत बसला, की कुडापलीकडची गाणी थांबली. “पोचला,” मालू दात आवळून म्हणाली. हळदीच्या दिवशी नवरीच्या दंडावर वळ! वस्तादाचा जीव चरकला, पण त्यानं फरी खाली केली नाही. त्यानं पायाकडे हूल दिली. मालू फसली नाही. वरून आला तो घाव तिनं सरळ फरीवर घेतला, मागं सरायच्या ऐवजी आत घुसली, आणि तिचा गदगा बापाच्या उजव्या खांद्यावर उतरला.

वस्तादाच्या हातातली काठी गळून पडली.

“पोचला,” तो हळूच म्हणाला.

मालू काठी टाकून धावली. “बा, दाखव बगू! हाड तर नाय ना…”

“काय नाय. पळ आत. ती गुणाबाई मना खाईल.”

नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन व्याही मांडवात शिरला तेव्हा वस्ताद अंगावर धुवट सदरा चढवून उभा होता. व्याह्यानं कडकडून मिठी मारली आणि प्रेमानं नेमक्या त्याच खांद्यावर थाप दिली. वस्तादाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“काय झालं इवाई? पडलात काय कुठं?”

वस्तादानं सदऱ्याची बटणं सोडली. खांदा पार काळानिळा पडून टम्म सुजला होता. लोक आंदणाची भांडी दाखवतात ना, तसा त्यानं तो व्याह्यापुढे केला.

“पोरीनं दिलाय. खराखुरा. घरी जावयाला पन सांगा.”

व्याह्यानं वाकून खांदा बघितला आणि हात जोडले. “सांगतो बाबा. आजच सांगतो!” सगळा मांडव खो खो हसला.

आतून हाक आली. “बा, इकडं ये.”

मालू उंबऱ्याच्या आत उभी होती. तोंड, हात, दंडावरचा वळ, सगळं पिवळंधमक. बाहेर येता येत नव्हतं, म्हणून तिनं ओंजळभर हळद घेऊन हात तेवढा बाहेर काढला. वस्ताद पायरीवर बसला. ती आतूनच त्याच्या खांद्याला हळद लावू लागली, अगदी हलक्या हातानं.

गुणाबाईनं बघितलं. “अगो बया! वस्ताद, रडतोस काय रे?”

“खांदा दुखतो,” वस्ताद म्हणाला. “लय दुखतो.”

“आनखी लावू, बा?” मालूनं विचारलं.

“लाव,” तो म्हणाला. “सावकास लाव.”