कोरं पाणी

एक्कावन्न साली वसईच्या चित्रप्रदर्शनात परीक्षक माझ्या जपानी धाटणीच्या जलरंगचित्रासमोर थांबून हसले. कागदावर एकच जिताडा मासा, वरून तिरकी उतरलेली दोरी आणि गळावर कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी, बाबा जूचंद्रच्या खाडीत मासे धरायला बांधतात तशी. बाकी कागद कोरा. “पाणी कुठे आहे? रंग संपला का?” त्यांनी विचारलं. बाबा दाराबाहेर उभे होते, थेट खाडीवरून आलेले, पायांना चिखल. “मी तुजा बाप, ते कोनाला सांगू नको, पोरी,” असं त्यांनी मला बजावलं होतं. पण हसणं ऐकून ते आत आले. त्यांनी चित्र न्याहाळलं आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. “इथं पानी कमरेएवढं हाय. खाली चिखल, म्हनून मासा पोट उचलून चाललाय.” परीक्षक वाकून बघू लागले. “आपण कोण?” बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “हिचा बाप.”