नानांची बेरीज

संस्थानं विलीन झाली, राज्यं बदलली, तरी बेरीज बदलत नाही, असं नाना ठामपणे सांगत. छप्पन्न साली भोपाळला बदली झाली आणि त्यांचीच बेरीज चुकली.

निघण्याआधी थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बायको दुर्गा न्यायच्या सामानावर खडूनं खूण करी आणि प्रत्येक खुणेसरशी नाना एकूण आकडा पुकारत.

"अहो, आईंचा पाट नेऊ या ना."

"रहने दो. उगीच लटांबर कशाला? एकूण सहा."

"सात, नान्या," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

आईला जाऊन वर्ष झालं होतं.

दोघं आत गेली. खडू दुर्गाच्या हातातच होता, तरी पाटावर ताजी खूण होती आणि पाट कोमट होता.

"सात, आई," नाना हळूच म्हणाले.

सरकारी नियमात पाट न्यायला मनाई नव्हती.