जो कोण हंय ऱ्हवतलो

गंगारामकाकांनी नारळ दोन्ही हातांत धरला आणि जमलेल्यांकडे पाहिलं. जमलेले म्हणजे तिघंच. सुशांत, त्याची बायको चारुता आणि काकांची बायको तुळसाकाकी. एका खोलीचं घर. वर वासे आणि रिपा ठोकून झाल्या होत्या, त्यांच्या सावल्यांचे पट्टे चौघांच्या अंगावर पडले होते. कौलं दाराबाहेर रचलेली होती. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय त्यातलं एकही वर चढणार नाही, असं काकांनी कालच बजावलं होतं.

“लायट नको, नळ नको,” ते म्हणाले होते, “आता देवय नको मा?”

विजेचा खांब खाली काजूच्या बागेपाशी येऊन थांबला होता. वर सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, तो सुशांत आणि चारुतालाच नको होता. मातीच्या भिंती, पावसाच्या पाण्याची टाकी, उन्हावर दिवे लावायची जोडणी, सगळं त्यांनी आपल्या हातांनी केलं. करता करता कधीतरी त्यांचं बोलणं माती आणि चिऱ्यांपुरतं उरलं. भांडण असं झालंच नाही. गेल्या आठवड्यात भिंत लिंपताना चारुता म्हणाली, “कौलां घातली काय मी जातलंय. कणकवलीक, आवशीकडे. परत येवचंय नाय.” सुशांत “बरां” म्हणाला. तो डावखुरा. तिने मातीचा पुढचा गोळा नेहमीसारखा त्याच्या डाव्या हातात ठेवला.

हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

“बा देवा कुणकेश्वरा,” काकांनी सूर लावला, “आज ह्या लेकरांनी तुज्याफुडे नारळ ठेवलो हा. तो गोड मानून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” तिघं म्हणाली.

“सड्यावरचो वारो, पावस, इंचू-काटो, सगळ्यांतसून ह्या घराक राख रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“वायरीतसून येवांदे नायतर सूर्याकडसून येवांदे, हंयचो दिवो पेटतो ऱ्हवांदे रे म्हाराजा.”

तुळसाकाकी हसली, पण “व्हय म्हाराजा” म्हणायला चुकली नाही.

“आणि ह्या दोगांका म्हातारी होयसर हंय एकमेकाच्या संगतीन सुखान ऱ्हवांदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” काकी म्हणाली. एकटीच.

सुशांतने चारुताकडे पाहिलं नाही. खाली मान असल्याने त्याला तिचे पाय तेवढे दिसत होते. नखांत लाल माती होती. पाय हलले नाहीत.

“काय गो, उभ्या उभ्या झोपलस?” काकी म्हणाली. “ह्या तर मोठ्यान म्हणाक व्हया.”

काकांनी तेच पुन्हा म्हटलं. सुशांतने तोंड उघडलं. एवढे दोन शब्द म्हणायला काही लागत नव्हतं. पण ती शेजारी उभी असताना, तिला न विचारता, ते देवाकडे मागणं त्याला जमेना.

“काका,” तो म्हणाला, “दोगां म्हणू नकात. जो कोण हंय ऱ्हवतलो, तेका म्हणा.”

काकांचे हात तसेच राहिले. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काकी काहीतरी विचारणार होती. काकांनी तिला मानेनेच गप्प केलं.

“जो कोण हंय ऱ्हवतलो,” ते म्हणाले, आणि त्यांचा सूर खाली आला, “तेका सुखान ऱ्हवांदे. आणि जो कोण वाटेक लागतलो, तेकाय सांभाळून व्हर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” चारुता म्हणाली. स्पष्ट, सगळ्यांच्या आधी. सुशांतचा आवाज तिच्यामागून आला.

नारळ फुटला. खोबरं खाऊन झाल्यावर कामाला हात लागले. काका-काकी बाहेरून कौलं देत, चारुता ती वर करी, सुशांत वाशांवर बसून ओळीत लावी. घरातला उजेड एकेका ओळीने कमी होत गेला.

शेवटी काचेचं कौल उरलं. त्याची जागा केव्हाच ठरली होती. खिडकीपाशी, चारुताच्या टेबलाच्या बरोबर वर. सुशांत ते मांडीवर घेऊन बसून राहिला.

“ह्यां खंय लावू?” त्याने विचारलं.

चारुता खोलीभर फिरली. चुलीपाशी थांबली आणि वर बोट दाखवलं.

“हंय. काळोखात तू मीठ दोनदा घालतस.”

त्याने तिथलं कौल काढलं आणि काच सरकवली.

“उजेड पडता?”

“पडता,” ती म्हणाली आणि बाहेर गेली.

सुशांत काचेतून पाहत राहिला. खालचं सगळं पाण्यात असल्यासारखं दिसत होतं. चुलीचा कट्टा, त्यावर उन्हाचा एक तुकडा. जरा वेळाने त्या उन्हात चारुताचा हात आला. हातात मिठाची बरणी होती. ती तिने चुलीच्या उजव्या अंगाला ठेवली. मग उचलून डाव्या अंगाला ठेवली, आणि हात उजेडातून निघून गेला.