पडद्यावरचं बेट

"पापा का एक भी फोटो नहीं, दादी?" मुलीने पुन्हा विचारलं.

"एकही नाही," चारुलताबाई म्हणाल्या. "मीच फाडले सगळे."

मुलीचं नाव निवेदिता, वय एकवीस. निकोबारच्या एका बेटावरून आधी जहाजाने, मग विमानाने आणि शेवटी रेल्वेने ती इंदूरला आली होती. वडील इथल्या स्नेहलतागंजातल्या एका फोटो स्टुडिओवाल्यांचा मुलगा, एवढंच तिला ठाऊक होतं. दोन स्टुडिओंनी तिला परत पाठवलं. हा तिसरा.

"काकू, बेटावरून पाहुणी आली अन् एक नारळ नाही आणला," काउंटरवरून मनीष म्हणाला. चारुलताबाईंचे यजमान दिवाकरराव गेल्यापासून स्टुडिओ हा त्यांचा पुतण्याच बघत होता. पासपोर्ट फोटो काढायचे, कपांवर चेहरे छापायचे. "ऐसे कैसे चलेगा भिया?"

कोणी हसलं नाही. तो पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला.

निवेदिता समोरच्या भिंतीवरचा पडदा बघत होती. निळं पाणी, पिवळी वाळू, दोन्ही बाजूंना वाकलेली नारळाची झाडं.

"ये किसने बनाया?"

"मैंने."

"यहाँ कोई रहता नहीं?"

"बीच में जगह छोड़नी पड़ती है. गिऱ्हाईक उभं राहतं ना तिथे."

"हमारे यहाँ इतनी खाली जगह कहाँ," मुलगी म्हणाली. "चर्च है, फुटबॉल का मैदान है, सूअर घूमते हैं. और आधे गाँव से अपना रिश्ता है."

चारुलताबाईंनी तो पडदा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी रंगवला होता. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. अजूनही नाही. एक कॅलेंडर होतं आणि लहानपणी वाचलेल्या गोष्टी होत्या. त्या गोष्टींत बेटावर पोचणारा माणूस नेहमी बाहेरचा असायचा. तिथले लोक झाडांमागे असायचे, कमरेला पानं, हातात भाले. ते लोक त्यांनी पडद्यावर काढले नाहीत. मिलमधले क्लार्क, नवी जोडपी, वर्गात पहिली आलेली मुलं, सगळ्यांनी त्या वाळूवर उभं राहून फोटो काढून घेतले.

त्यांचा मुलगा देवेंद्र त्या पडद्यासमोर वाढला, वडिलांच्या हाताखाली कॅमेरा शिकला. मग निकोबारला सरकारी शाळेत मास्तरची नोकरी निघाली. "खरं बेट बघून येतो," म्हणाला आणि गेला. तीन वर्षांनी पत्र आलं. तिथल्याच मुलीशी लग्न केलं होतं.

चारुलताबाईंना पानं आणि भाले दिसले. त्यांनी मुलाचे सगळे फोटो फाडले, निगेटिव्हसुद्धा कात्रीने कापल्या. दिवाकरराव डार्करूममधून बाहेर आले नाहीत. पुढच्या पत्रांना बाईंनी उत्तर दिलं नाही. मग त्सुनामीच्या त्या डिसेंबरात समुद्र गावावर चढला आणि देवेंद्र गेल्याची तार आली. बाईंनी ती वाचली, घडी घालून ठेवली आणि कुकर लावला. रडू तेव्हा आलं नाही. नंतरही आलं नाही.

निवेदिताने पिशवीतून एक वही काढली. वहीत प्लास्टिकमध्ये ठेवलेला एक फोटो होता.

"पापा-मम्मी दोनों उसी दिन गए. मौसी ने पाला. वो दूसरे टापू की है, पापा को उसने कभी देखा नहीं. ये फोटो मम्मी ने एक हफ्ता पहले उसको भेजा था. बाकी सब बह गया, पूरा गाँव, स्कूल के कागज़ भी." तिने बोट ठेवलं. "ये मम्मी. गोद में मैं. इसमें पापा कौन हैं, बस इतना बता दो. इसीलिए आई हूँ."

चारुलताबाईंनी टेबलाच्या खणातून भिंग काढलं.

घरापुढे जमलेली सतरा माणसं. इस्त्रीचे शर्ट, फुलाफुलांचे फ्रॉक. एकाला चष्मा. एका म्हातारीच्या मनगटावर घड्याळ. बाईंनी आधी गोरा चेहरा शोधला. उन्हाने सगळे सारखेच रापले होते. मग त्यांनी कपाळं पाहिली, कान पाहिले. वीस वर्षांनी आलेलं गिऱ्हाईक त्या दारातच ओळखत. सात पुरुष होते. त्या पहिल्यापासून पुन्हा बघू लागल्या.

"ये हैं ना?" मुलीने मागच्या रांगेतल्या एका मिशीवाल्याकडे बोट केलं. "बचपन से मैं इन्हीं को पापा मानती हूँ. रात को गुड नाइट भी बोलती थी."

हो म्हणणं सोपं होतं. मुलगी हो ऐकायलाच आली होती. चारुलताबाईंनी तोंड उघडलं, आणि भिंग खुर्च्यांवर आलं.

म्हातारी माणसं खुर्च्यांवर होती. सगळ्यांचे हात गुडघ्यांवर, बोटं जुळलेली. मुलं पुढे चटईवर, सगळ्यांचे पाय डावीकडे वळवलेले. मागे उंच माणसं, प्रत्येकाचा उजवा खांदा जरासा पुढे. दिवाकरराव असंच बसवत. शहरात दुसरं कोणी असं बसवत नसे. देवेंद्रला त्यांनी हेच शिकवलं होतं, चुकला की टपली मारून.

भिंग मांडीवरच्या बाळावर थांबलं. तेवढं एकच नीट बसलं नव्हतं. दोन्ही हात पुढे करून ते आईच्या मांडीवरून झेपावत होतं.

"इसमें नहीं है वो," चारुलताबाई म्हणाल्या.

मुलीचा चेहरा उतरला. "मतलब?"

"फोटो उसने खींचा है." त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. "बघ नीट. ये सब उसी को देख रहे हैं. तू भी."